अँटिव्हायरसचे नूतनीकरण करू की नको?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून एका ताईंनी हे पत्र पाठवले आहे. त्या घरी बसून लग्नपत्रिका, निमंत्रणे आणि गावातील दुकानांची बिलबुके यांची अक्षरजुळणी व मांडणी करून देतात. घरात विंडोज १० असलेला, सात-आठ वर्षांपूर्वीचा एकच लॅपटॉप आहे. त्यांचे काम, घरचे बँकेचे व्यवहार आणि नववीतल्या मुलीचा अभ्यास व खेळ असे सगळे त्याच्यावरच चालते. तीन वर्षांसाठी घेतलेल्या अँटिव्हायरसची मुदत नुकतीच संपली आहे. अँटिव्हायरस नसलेल्या संगणकावर बँकेचे काम करणे म्हणजे संकट ओढवून घेणे आहे, असे संगणकाचे दुकानदार सांगतात. पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा मुलगा म्हणतो की विंडोजमध्ये सगळे असते, पैसे वाया घालवू नकोस. त्यातच मागच्या वर्षी एका फोनमुळे त्यांच्या दिरांच्या बँक खात्यातून मोठी रक्कम गेली, तेव्हापासून घरात भीती बसली आहे. ताई विचारतात, “पैसे भरले तर मी निर्धास्तपणे व्यवहार करू शकेन का? आधीच्या अँटिव्हायरसने कधी त्रास दिला नाही. कोरलड्रॉ हा मांडणीचा प्रोग्रॅम बसवताना दुकानदारांनी तो थोडा वेळ बंद केला होता, तेवढाच. नाही घेतला तर दुकानदारांना काय सांगू?”

ताई, तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देते. विंडोजमधला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस नीट चालू असेल आणि विंडोजची सुरक्षा अद्ययावत असेल, तर तुमच्यासारख्या घराला वेगळा अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज नाही. या वाक्यातील दोन्ही अटी मात्र तुमच्या लॅपटॉपवर आज पूर्ण होत असतील याची मला खात्री वाटत नाही, आणि नूतनीकरणाचे पैसे भरल्याने त्या आपोआप पूर्ण होणारही नाहीत. म्हणून मुलाचा निष्कर्ष मला मान्य असला तरी त्याचे कारण अपुरे वाटते, आणि दुकानदारांची काळजी खरी असली तरी त्यांनी सुचवलेला उपाय चुकीच्या जागी लावलेला वाटतो.

दुकानदार असे का म्हणतात हे आधी समजून घेऊ, कारण त्यांच्या मनात खोट आहे असे मला वाटत नाही. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आले तेव्हा त्यात अँटिव्हायरस नव्हता. त्या काळात फ्लॉपी, सीडी आणि पुढे पेन ड्राइव्ह यांतून व्हायरस एका घरातून दुसऱ्या घरात जात, आणि संगणक घेतला की त्यासोबत अँटिव्हायरसचा खोका घेणे हा शहाणपणाचाच भाग होता. पुण्यात संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून काटकर बंधूंनी उभे केलेले क्विक हील हे अँटिव्हायरस याच गरजेतून वाढले, आणि महाराष्ट्रातील गावोगावच्या दुकानांतून असे खोके विकले जाऊ लागले. ज्यांनी त्या काळात शेकडो संगणक साफ केले, त्यांच्या मनात अँटिव्हायरसशिवायचा संगणक म्हणजे उघडा संगणक हे समीकरण पक्के बसले आहे. पुढे परिस्थिती बदलली. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी एसेन्शियल्स नावाचा मोफत अँटिव्हायरस दिला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजमध्येच येऊ लागला. सुरुवातीच्या वर्षांत तो कच्चा होता. जर्मनीतील एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेच्या चाचण्यांत तेव्हा त्याला फार कमी गुण मिळत. आज त्याच प्रयोगशाळेच्या चाचण्यांत तो नामवंत विकतच्या अँटिव्हायरसांच्या पंगतीत बसतो आणि अनेकदा पूर्ण गुण मिळवतो. तुमच्या मुलाने आजचे चित्र पाहिले आहे आणि दुकानदारांनी कालचे, एवढाच त्यांच्यातला फरक आहे.

तुमच्या पत्रातील एक वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचले, आणि तुम्ही ते अगदी जाता जाता लिहिले आहे. कोरलड्रॉ बसवताना दुकानदारांनी अँटिव्हायरस बंद केला होता, हे ते वाक्य. विकत घेतलेला प्रोग्रॅम बसवण्यासाठी अँटिव्हायरस सहसा बंद करावा लागत नाही. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर क्रॅक केलेली, परवाना चुकवून चालवलेली प्रत आहे, असेच मी धरून चालते. मांडणीचे काम करणाऱ्या असंख्य घरांत आणि छोट्या छापखान्यांत हीच स्थिती आहे, त्यामुळे तुम्हाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण तुमच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे आणि त्याच्याबद्दल तुम्ही काही विचारलेलेच नाही.

दुकानदार कदाचित म्हणतील की क्रॅकला सगळेच अँटिव्हायरस व्हायरस म्हणतात, त्यात तथ्य नसते. हे अर्धे खरे आहे. परवाना चुकवणारी फाइल स्वतः निरुपद्रवी असली तरी अँटिव्हायरस तिला हटकतो. पण ज्या फाइलमध्ये खरोखर घातक काही दडलेले असते तिलाही तो तसाच हटकतो, आणि या दोन इशाऱ्यांतला फरक ओळखण्याचे साधन तुमच्याकडे नसते, तसेच बहुतेक वेळा दुकानदारांकडेही नसते. इशारा आला की तो बंद करायचा अशी सवय एकदा लागली की जगातला सर्वांत महागडा अँटिव्हायरसही कामाचा राहत नाही. स्टॉप किंवा डिजेव्हीयू या नावाने ओळखले जाणारे खंडणीखोर सॉफ्टवेअर मुख्यतः याच वाटेने, म्हणजे क्रॅक आणि विंडोज सक्रिय करून देणाऱ्या फुकट प्रोग्रॅममधून, घरगुती संगणकांवर पसरले. ते फोटो आणि कामाच्या फायली कुलूपबंद करून पैसे मागते. एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये त्याच्या काही प्रकारांसाठी फायली सोडवणारे मोफत साधन काढले, पण त्यानंतरच्या प्रकारांत बहुतेक वेळा ते चालत नाही. ज्यांच्याकडे वेगळी प्रत नव्हती त्यांच्या फायली गेल्या त्या गेल्याच.

त्याच वाटेने येणारा दुसरा प्रकार आवाजही करत नाही. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन झालेल्या सत्रांची नोंद उचलतो आणि निघून जातो. लुम्मा नावाच्या अशाच एका चोरट्या सॉफ्टवेअरची यंत्रणा मायक्रोसॉफ्टने आणि इतरांनी मे २०२५ मध्ये मोडून काढली, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत जगभरातील ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांवर ते आढळल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. “आधीच्या अँटिव्हायरसने कधी त्रास दिला नाही” असे तुम्ही लिहिता. ताई, त्रास न जाणवणे आणि संगणक स्वच्छ असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, विशेषतः अँटिव्हायरसला मध्येच डोळे मिटायला सांगितले गेले असेल तर.

म्हणून खरेदीचा विचार करण्यापूर्वी एक तपासणी करा. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधून उघडा आणि ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा. तिथे मुदत संपलेल्या अँटिव्हायरसचे नाव दिसत असेल, तर तो अजून जागा अडवून बसला आहे आणि डिफेंडर बाजूला झालेला असू शकतो, कारण दुसरा अँटिव्हायरस बसवला की डिफेंडर स्वतःहून मागे सरतो. जुना प्रोग्रॅम ‘अॅप्स’च्या यादीतून काढून टाका आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा, म्हणजे डिफेंडर परत कामाला लागेल. मग त्याच ठिकाणी ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये दोन गोष्टी पाहा. ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू असले पाहिजे, आणि अगदी खाली ‘एक्सक्लूजन्स’ नावाची यादी आहे ती रिकामी असली पाहिजे. अनेक दुकानांत क्रॅक टिकावा म्हणून त्याचा फोल्डर, आणि काही वेळा अख्खा सी ड्राइव्ह, या यादीत टाकून ठेवतात. म्हणजे पहारेकऱ्याला सांगून ठेवलेले असते की या खोलीकडे बघायचे नाही. यादीत काही दिसले तर ते काढा. त्यानंतर ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ऑफलाइन स्कॅन चालवा. लॅपटॉप बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटे लागतात, आणि एरवी लपून बसणाऱ्या गोष्टी त्यात सापडण्याची शक्यता जास्त असते. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडूनही संगणक साफ करण्याची मोफत साधने मिळतात, दुसरे मत म्हणून ती वापरता येतील.

एवढे करूनही मी तुम्हाला या लॅपटॉपवर निर्धास्त व्हा असे म्हणणार नाही, कारण तुमच्या विंडोज १० ची अडचण याहून मोठी आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. डिफेंडरला नवे व्हायरस ओळखायला शिकवणारी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील असे कंपनीने जाहीर केले आहे, त्यामुळे वरवर पाहता सगळे हिरवे दिसेल. पण विंडोजमध्ये नव्याने सापडणाऱ्या भगदाडांची डागडुजी मात्र आपोआप येणार नाही, आणि अँटिव्हायरस, मग तो फुकट असो की विकतचा, ही डागडुजी करत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभर हाहाकार माजवला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे कामकाज कोलमडले. ज्या भगदाडातून ते शिरले ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता. ज्यांनी तो घेतला होता त्यांच्याकडे ती वाट बंद होती. सुरक्षेच्या क्रमवारीत मी अपडेटला अँटिव्हायरसच्या बरेच वर ठेवते, ते यामुळे.

तुमच्यापुढे इथे दोन वाटा आहेत. घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवल्यास त्यासाठी पैसेही द्यावे लागत नाहीत. ‘विंडोज अपडेट’च्या पानावरच नोंदणीचा पर्याय दिसतो. ही वाट थोडा वेळ मिळवून देणारी आहे, कायमची नाही. दुसरी वाट विंडोज ११ ची. त्याला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. तुमचा लॅपटॉप अगदी सीमारेषेवरच्या वर्षांतला आहे, म्हणून अंदाज न बांधता मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अॅप चालवून पाहा. तो पात्र निघाला तर विंडोज ११ मोफत घेता येते. पात्र नसेल, तर अँटिव्हायरसच्या नूतनीकरणात जाणारे पैसे नव्या किंवा वापरलेल्या पण विंडोज ११ चालणाऱ्या लॅपटॉपसाठी बाजूला टाकणे अधिक योग्य होईल.

आता तुमच्या दिरांच्या गोष्टीकडे येऊ, कारण घरातली भीती तिथून आली आहे आणि अँटिव्हायरसची मागणीही त्या भीतीतून आली आहे असे मला वाटते. तुम्ही लिहिता की त्यांना फोन आला, केवायसी अपूर्ण असल्याचे सांगितले गेले, त्यांनी सांगितलेले एक अॅप घेतले आणि मग पैसे गेले. बहुतेक अशा प्रकरणांत ते अॅप एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे असते, म्हणजे दुरून दुसऱ्याचा पडदा पाहू आणि चालवू देणारे. ही अॅप खरी आणि कायदेशीर आहेत, हजारो कार्यालये ती रोज वापरतात, त्यामुळे अँटिव्हायरस सहसा त्यांना अडवत नाही. दिरांच्या फोनवर किंवा संगणकावर त्या दिवशी सर्वोत्तम अँटिव्हायरस असता तरी बहुधा पैसे गेलेच असते. व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचे भासवून केली जाणारी तथाकथित डिजिटल अटकही याच जातीची आहे. त्यात कोणताही व्हायरस नसतो, असतो तो माणसाच्या घाबरण्याचा फायदा. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये याच फसवणुकीबद्दल सांगताना थांबा, विचार करा आणि मग कृती करा असा क्रम दिला होता, तो मला योग्य वाटतो.

त्यामुळे “पैसे भरले तर निर्धास्तपणे व्यवहार करू शकेन का” या प्रश्नाचे माझे उत्तर नाही असे आहे. मला तर उलट भीती वाटते की पैसे भरल्यावर येणारी निश्चिंती तुम्हाला एखाद्या फोनच्या वेळी गाफील ठेवेल. घरात एक गोष्ट सर्वांनी मिळून ठरवा, दिरांनाही त्यात घ्या. बँक, पोलीस, वीज मंडळ, कुरिअर, कोणाच्याही नावाने फोन आला आणि काही अॅप घ्यायला, पडदा दाखवायला किंवा ओटीपी सांगायला लावले, तर फोन ठेवायचा आणि पासबुकवर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करायचा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर आणि बँकेला कळवायचे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. पहिल्या काही तासांचे मोल फार आहे, आणि नेमके तेच तास घरातले लोक रागावतील या धास्तीत गमावले जातात. दिरांना मागच्या वर्षी कोणी बोलले असेल, तर ते बोलणे आता मागे घ्या. पुढच्या वेळी घरातल्या कोणी तरी लगेच सांगावे, यासाठी ते आवश्यक आहे.

अँटिव्हायरस विक्रीच्या नावानेच चालणाऱ्या फसवणुकीही आहेत, आणि नुकतीच मुदत संपलेल्या माणसाला त्या लवकर गाठतात. ब्राउझरच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले’ अशी सूचना येत राहते. बहुतेक वेळा ती कोणत्या तरी संकेतस्थळाला चुकून दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीमुळे येते आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढली की थांबते. अँटिव्हायरसचे इतके हजार रुपये कापले गेले, रद्द करायचे असल्यास या क्रमांकावर फोन करा, असे ईमेलही येतात. फोन केला की पलीकडचा माणूस पुन्हा तेच दुरून पाहणारे अॅप घ्यायला सांगतो. आणखी एक नवा प्रकार मुलीला आवर्जून समजावून सांगा. आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्याच्या निमित्ताने एखादे पान विंडोजची कळ आणि आर दाबायला, मग काही तरी पेस्ट करून एंटर दाबायला सांगते. तसे करणे म्हणजे स्वतःच्या हाताने घातक आज्ञा चालवणे आहे. कोणतेही खरे संकेतस्थळ असे करायला सांगत नाही.

मुलीचा विषय निघाला आहे तर तिच्यासाठी लॅपटॉपवर वेगळे ‘स्टँडर्ड’ प्रकारचे खाते उघडा. खेळांच्या फुकट युक्त्या आणि जोडण्या देणाऱ्या फायली हे नववी-दहावीच्या मुलांच्या संगणकात घाण येण्याचे मोठे कारण असते. स्टँडर्ड खात्यातून संपूर्ण लॅपटॉपवर परिणाम करणारे काही बसवायचे झाले तर तुमचा पासवर्ड मागितला जातो, आणि तेवढ्यात तिच्याशी दोन शब्द बोलता येतात. तुम्ही स्वतःही रोजचे काम अशाच खात्यातून करा, व्यवस्थापकाचे खाते गरज पडेल तेव्हाच वापरा. याला एक रुपया लागत नाही आणि माझ्या मते कोणत्याही खरेदीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

तुमच्या कामाच्या स्वरूपामुळे एक धोका मात्र इतर घरांपेक्षा जास्त आहे आणि तिथे तुमच्या मुलाचे बोलणे थोडे उणे पडते. त्याच्या लॅपटॉपवर त्याच्याशिवाय कोणाची फाइल येत नसेल. तुमच्याकडे मात्र लोक लग्नाचा मजकूर आणि फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन येतात, आणि तो पेन ड्राइव्ह आधी झेरॉक्सच्या दुकानात, सेवा केंद्रात आणि कुणाच्या तरी कार्यालयात फिरून आलेला असतो. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्रॅम चालू होण्याची जुनी सोय मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये बंद केली, तरी फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारे व्हायरस आजही गावोगावच्या पेन ड्राइव्हवर सापडतात, कारण त्यांना फक्त तुमची एक डबल-क्लिक हवी असते. शक्य तिथे गिऱ्हाइकाला मजकूर व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने पाठवायला सांगा. पेन ड्राइव्ह घ्यावाच लागला, तर उघडण्यापूर्वी त्यावर राइट-क्लिक करून डिफेंडरने तपासा. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये फायलींची शेपटी, म्हणजे एक्सटेन्शन, दिसण्याची सोय सुरू करा. मग ‘पत्रिका मजकूर.पीडीएफ’ म्हणून आलेली फाइल प्रत्यक्षात ‘.ईएक्सई’ असेल तर ते तुमच्या लगेच लक्षात येईल.

याच कारणाने डिफेंडरमधली एक बंद असलेली सोय तुम्ही चालू करावी असे मला वाटते. ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ आहे. ती चालू केली की ओळखीच्या नसलेल्या प्रोग्रॅमला तुमच्या कागदपत्रांच्या आणि चित्रांच्या फोल्डरमध्ये फेरफार करता येत नाही. सुरुवातीला ती एखाद्या खऱ्या प्रोग्रॅमलाही अडवेल, त्याला परवानगी द्यावी लागेल, आठवडाभर चिडचिड होईल. तरीही ती ठेवा. ही सोय डिफेंडर कामावर असतानाच चालते. विकतचा अँटिव्हायरस बसवला की ती बाजूला पडते आणि मग त्या अँटिव्हायरसमध्ये तशी सोय आहे का ते पाहावे लागते.

एवढे सगळे सांगूनही, विकतचा अँटिव्हायरस कधीच घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. घरात संगणकाचे काही कळणारे कोणीच नसेल आणि अडचण आल्यावर आपल्या भाषेत फोनवर मदत करणारे कोणी हवे असेल, तर ती मदत विकत घेणे समजण्यासारखे आहे. मुलांच्या वापरावर बारीक लक्ष ठेवण्याच्या सोयीसाठीही काही पालक तो घेतात, जरी मायक्रोसॉफ्टची फॅमिली सेफ्टी बरेचसे काम मोफत करते. तसे घ्यायचे ठरवलेत तर तीन वर्षांचा खोका न घेता एकाच वर्षाचा घ्या, आपोआप नूतनीकरण होण्याचा पर्याय बंद करा, आणि त्यासोबत गळ्यात मारले जाणारे वेग वाढवणारे, साफसफाई करणारे प्रोग्रॅम नाकारा. विकतचा नको म्हणून इतर कोणाचा फुकट अँटिव्हायरस घेण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. अवास्ट या प्रसिद्ध कंपनीने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये तिच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करण्याचा निर्णय जाहीर केला. डिफेंडर घरात असताना अशी जोखीम कशासाठी घ्यायची?

राहिला प्रश्न कोरलड्रॉचा, आणि तो तुमच्या पोटाचा प्रश्न आहे याची मला जाणीव आहे. क्रॅक काढून टाका असे सांगणे सोपे आहे, पण उद्याची पत्रिका कशावर करायची? काम नियमित असेल तर परवाना घेऊन त्याचा खर्च दर पत्रिकेमागे थोडा थोडा वाटून लावता येतो का, याचा हिशेब मांडून पाहा. ते परवडत नसेल तर इंकस्केप आणि स्क्रायबस हे दोन प्रोग्रॅम पूर्ण मोफत आणि कायदेशीर आहेत, आणि तुमच्या कामाचा मोठा भाग त्यांत होऊ शकतो. अक्षरांचीही आता अडचण नाही. मुंबईच्या एक टाइप या समूहाने केलेले मुक्ता आणि बलू हे सुंदर देवनागरी युनिकोड टंक, म्हणजे फाँट, कोणालाही मोफत वापरता येतात. जुन्या कोरलड्रॉ फायली इंकस्केपमध्ये किंवा लिबर ऑफिसच्या ड्रॉमध्ये बऱ्याच अंशी उघडतात, मात्र मांडणी हलते आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकातला मजकूर पुन्हा जुळवावा लागतो. एकदम बदल करू नका. लग्नसराई संपल्यावर एखादे साधे निमंत्रण नव्या प्रोग्रॅममध्ये करून पाहा आणि हात बसला की पुढचे काम तिकडे न्या. तोपर्यंत बँकेचे व्यवहार या लॅपटॉपवर करू नका. ते फोनवर करा आणि त्या फोनवर व्हॉट्सअॅपवरून आलेली कोणतीही ‘.एपीके’ फाइल, मग ती वाहतूक दंडाची असो की लग्नाच्या निमंत्रणाची, उघडू नका. अशा फायली ओटीपीचे संदेश वाचण्यासाठीच पाठवल्या जातात. या लॅपटॉपवर आजवर वापरलेले बँकेचे आणि ईमेलचे पासवर्डही फोनवरूनच बदलून घ्या.

दुकानदारांना काय सांगायचे, हे तुम्ही शेवटी विचारले आहे. इतक्या वर्षांची ओळख आहे, अडीअडचणीला तेच येतात, तेव्हा त्यांना नाराज करणे तुम्हाला जड जाते हे मी समजू शकते. त्यांना अँटिव्हायरस नको म्हणण्याऐवजी दुसरे काम द्या आणि त्याची रीतसर मजुरी द्या. लॅपटॉप पात्र असेल तर त्यावर कोरे विंडोज ११ बसवून द्यायला सांगा, जुनी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क टाकायला सांगा, म्हणजे वेगही वाढेल, आणि कोणताही क्रॅक परत बसवू नका असे स्पष्ट सांगा. सोबत एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. आठवड्यातून एकदा पत्रिकांच्या फायली तिच्यावर उतरवायच्या आणि लगेच तिची वायर काढून कपाटात ठेवायची. ती सतत जोडलेली राहिली तर खंडणीखोर सॉफ्टवेअर तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करते. महत्त्वाच्या फायलींची आणखी एक प्रत गुगल ड्राइव्हच्या मोफत मिळणाऱ्या १५ जीबी जागेत ठेवता येईल. दुकानात लॅपटॉप नेण्याआधी या दोन्ही प्रती तुम्ही स्वतः करून घ्या, त्यातल्या चार-दोन फायली मुलाच्या किंवा शेजारच्यांच्या संगणकावर उघडून पाहा, आणि त्या नीट उघडल्याची खात्री झाल्यावरच जुनी डिस्क पुसायला परवानगी द्या.